विद्यापीठाचा फ्रेंच अभ्यासक्रम: गुण कशाला मिळतात आणि कुठे जातात

फ्रेंचची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हाताशी सहसा एक तक्ता असतो. सांगितलेलं काम पूर्ण झालं का, शब्द पातळीला साजेसे आहेत का, व्याकरण सांभाळलंय का, बोलताना उच्चार समजतोय का, अशा एकेका ओळीपुढे गुण मांडलेले असतात. त्यामुळे वर्षभर क्रियापदांची रूपं घोकणाऱ्याला पंचावन्न पडतात, आणि व्याकरणात दोन-चार ठिकाणी अडखळूनही विचारलेली प्रत्येक गोष्ट लिहिणारा सत्तर घेऊन जातो. या तक्त्यातल्या ओळी पहिल्याच महिन्यात कळल्या तर अभ्यास कुठे लावायचा ते कळतं.

या लेखात फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. वहीत मात्र असं करू नका. पहिले आठ-दहा दिवस देवनागरी आधार देते, पण नंतर डोळा तिथेच जातो आणि मूळ स्पेलिंग कधी पाठ होत नाही.

पहिली पायरी: सिलॅबसमधल्या चार जागा शोधा

पुस्तक विकत घेण्याआधी अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. एक, विषय किती श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा आहे. दोन, अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेचे गुण कसे विभागले आहेत. कुठे ३०:७० असतं, कुठे ४०:६०, कुठे ५०:५०. तीन, पास होण्यासाठी दोन्हीत वेगळे किमान गुण लागतात की बेरीज धरतात. चार, तोंडी परीक्षेचे गुण नेमके कुठे मोडतात, अंतर्गतमध्ये की सत्राच्या शेवटी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग पडते. लेखी पेपरात भरपूर गुण असूनही अंतर्गतमध्ये वेगळं पासिंग असल्यामुळे अडकणारे विद्यार्थी दर वर्षी असतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं: तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजर. हजेरीची अटही वाचून ठेवा. बहुतेक ठिकाणी ती ७५ टक्के असते. भाषेच्या वर्गात ती कागदापुरती नसते, कारण ऐकण्याच्या छोट्या चाचण्या न सांगता वर्गातच होतात.

श्रेयांकांचा हिशेब एकदा करून पाहा. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे ३० तास, चारचा म्हणजे ६०. आणि फ्रेंचची पहिली पातळी नीट गाठायला ८० ते १०० तासांचं शिक्षण धरलं जातं. म्हणजे बीए किंवा बीकॉमच्या जोडीला घेतलेल्या दोन श्रेयांकांच्या पेपरात पहिल्या पातळीचा जेमतेम तिसरा हिस्सा होतो. अशा पेपरात ओळख करून देणं, कुटुंब, वेळ, खरेदी, वर्तमानकाळ एवढंच विचारतात. पुढचे काळ पाठ करत बसण्यात अर्थ नाही. उलट पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी विद्यापीठाचा स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम करणाऱ्यांनी चारही कौशल्यांची तयारी पहिल्या दिवसापासून धरावी.

पातळ्यांची भाषा

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषांसाठी एक समान चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पातळ्या आहेत. आज फ्रेंचची जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा याच पायऱ्यांवर बेतलेल्या असतात. ए१ ला साध्या ओळखीच्या वाक्यांत रोजच्या गरजा भागवता आल्या पाहिजेत. ए२ ला भूतकाळातली घटना सांगता आली पाहिजे. बी१ ला मत मांडून कारण देता आलं पाहिजे, बी२ ला वाद घालता आला पाहिजे. परीक्षक तुमचं उत्तर तुमच्या पातळीच्या मापाने मोजतो. ए१ च्या निबंधात बी२ ची तीन भारी वाक्यं घातली म्हणून जादा गुण मिळत नाहीत. ती चुकली तर मात्र जातात, आणि बरोबर आली तर घरी करून आणलेल्या कामात संशय येतो.

ऐकणं: इथे पेन खाली ठेवायला शिका

ऐकण्याच्या चाचणीत आधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात, मग ध्वनिफीत लागते, मध्ये थांबा आणि बहुधा पुन्हा एकदा तीच फीत. प्रश्न वाचायच्या वेळात प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा: इथे आकडा हवा, इथे जागा, इथे कारण. पहिल्या ऐकण्यात फक्त सोपी उत्तरं टिपा. दुसऱ्यात उरलेली.

नवख्यांचे गुण दोन ठिकाणी जातात. पहिलं, आकडे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, पंचाहत्तर म्हणजे ‘साठ-पंधरा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि सत्त्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-सतरा’. ‘स्वासांत’ (साठ) ऐकल्याबरोबर हात सहा लिहून मोकळा होतो आणि मागून ‘कँझ’ (पंधरा) येतो. खाडाखोड करेपर्यंत पुढचा आकडा निघून गेलेला असतो. आकडा पूर्ण संपेपर्यंत पेन कागदाला लावायचं नाही, ही सवय रोज दहा मिनिटं करून लागते. फ्रान्समधले फोन नंबर दहा अंकी असतात आणि दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. मोबाइल ०६ किंवा ०७ ने सुरू होतो. एकाने जोड्या वाचायच्या, दुसऱ्याने लिहायच्या, असा सराव मित्राबरोबर करा. वेळ बऱ्याचदा चोवीस तासांच्या घड्याळाने सांगतात, तेव्हा ‘कँझ अर त्राँत’ म्हणजे दुपारचे साडेतीन.

दुसरं, अक्षरांची नावं. इंग्रजीचा कान इथे दगा देतो. फ्रेंचमध्ये ‘ई’ असा आवाज आला की ते आय हे अक्षर असतं. ई हे अक्षर ‘अ’च्या जवळ ऐकू येतं. जीला ‘झे’ म्हणतात आणि जेला ‘झी’, म्हणजे बरोबर उलट. एचला ‘आश’, वायला ‘इग्रेक’, डब्ल्यूला ‘दूब्ल व्हे’. पहिल्याच आठवड्यात स्वतःचं आडनाव फ्रेंच अक्षरांत म्हणायला शिका. जोशी असाल तर ‘झी, ओ, एस, आश, ई’. देशपांडे असाल तर ‘दे, अ, एस, आश, पे, आ, एन, दे, अ’. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. गुण हातात येतातच, शिवाय सुरुवात चांगली झाली की आवाज स्थिर होतो.

श्रुतलेखन, म्हणजे दिक्ते

आंतरराष्ट्रीय परीक्षांमध्ये दिक्ते नसतं, पण विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते अजून भेटतं. मजकूर सहसा तीनदा वाचतात: पहिल्यांदा सलग, तेव्हा लिहायचं नाही, दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्यांनी, विरामचिन्हांसह, तिसऱ्यांदा पुन्हा सलग, तपासण्यासाठी. विरामचिन्हांची नावं माहीत नसली तर ‘व्हिर्ग्युल’ हा शब्द समजून लिहिणारे निघतात. ती आधी पाठ करा. ‘प्वँ’ म्हणजे पूर्णविराम, ‘व्हिर्ग्युल’ स्वल्पविराम, ‘दे प्वँ’ अपूर्णविराम, ‘प्वँ दँतेरोगास्यों’ प्रश्नचिन्ह, ‘आ ला लीन्य’ म्हणजे नव्या ओळीवर या.

दिक्त्यात शब्द न कळल्यामुळे जातात त्याहून जास्त गुण एकसारखे ऐकू येणारे पण वेगळे लिहिले जाणारे शब्द खातात. ‘ए’ या आवाजाचा अर्थ ‘आणि’ होतो आणि ‘आहे’ही होतो. ‘सों’ म्हणजे ‘त्याचा’ आणि ‘ते आहेत’. ‘आ’ म्हणजे ‘जवळ आहे’ आणि ‘ला, -त’. क्रियापदाच्या शेवटचा ‘ए’ हा आवाज तर चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो. त्यावर फ्रेंच शाळांतली मुलं वापरतात ती युक्ती सोपी आहे: त्या जागी ‘विकणे’ या क्रियापदाचं रूप घालून पाहायचं. ‘व्हांद्र’ बसलं तर मूळ रूप, म्हणजे शेवटी ई-आर. ‘व्हांद्यु’ बसलं तर भूतकालवाचक रूप, म्हणजे चढत्या रेघेची ई. या दोन रूपांचा आवाज वेगळा असल्यामुळे कान लगेच सांगतो.

तिसऱ्या वाचनाच्या वेळी सगळं तपासू नका, जमत नाही. फक्त अनेकवचनाचा एस आणि क्रियापदाच्या शेवटचा न ऐकू येणारा ई-एन-टी बघा. चुका तिथेच दडतात.

वाचन आणि व्याकरण

वाचनावर फार बोलण्यासारखं नाही. त्यात बहुतेक मराठी विद्यार्थी बरे असतात. एकच सावधगिरी. विद्यापीठाच्या पेपरात ‘खरं की खोटं’ विचारून उताऱ्यातला आधार मागतात. आधार म्हणजे नेमकी ती पाच-सात शब्दांची ओळ जशीच्या तशी. अख्खा परिच्छेद उतरवला तर परीक्षक धरतो की तुम्हाला जागा सापडलेली नाही. आधार न दिल्यास नुसत्या खुणेला बऱ्याच ठिकाणी शून्य.

व्याकरणात मराठी आपल्या बाजूने आहे, हे वर्गात फारसं कोणी सांगत नाही. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं म्हटल्यावर इंग्रजी बोलणारा गोंधळतो. आपल्याला खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ हे जन्मापासून माहीत आहे. ‘ती गेली, तो गेला’ म्हणताना आपण क्रियापद बदलतो. फ्रेंचमध्येही ‘एल ए आले’ लिहिताना शेवटी एक जादा ई येतं. कर्म आधी आलं की भूतकाळाचं रूप त्याच्याप्रमाणे बदलतं, हा नियम जगभरच्या विद्यार्थ्यांना रडवतो. आपण रोज ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो. क्रियापद कर्माकडे बघतं ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ‘मी लिहिलेलं पत्र’ म्हणताना फ्रेंचमध्ये ‘ला लेत्र क झे एक्रीत’ होतं, कारण पत्र तिथे स्त्रीलिंगी आहे आणि आधी आलं आहे.

पण लिंग मराठीतून उचलू नका. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी निघते, गाडीही, आणि विश्वास बसतो. मग घर, टेबल आणि पाणी फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. पुस्तक, झाड आणि दूध पुल्लिंगी. शब्द नेहमी ‘अँ’ किंवा ‘युन’ (पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी ‘एक’) लावूनच वहीत लिहा. ‘ल’ आणि ‘ला’ लावून पाठ केलं तर स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापुढे दोन्ही आखडून एकच होतात आणि लिंग झाकलं जातं.

इंग्रजीतून भाषांतर करत लिहिणं हे सर्वांत जुनं दुखणं. वय सांगताना फ्रेंच ‘माझ्याजवळ वीस वर्षं आहेत’ म्हणतं: ‘झे व्हँ-तां’. भूक, तहान, भीती, थंडी यांनाही ‘जवळ असणे’चं क्रियापद. ‘झ स्वी व्हँ’ (मी वीस आहे) असं लिहिलं की चूक कुठून आली ते परीक्षकाला लगेच कळतं. मोठी अक्षरंही इंग्रजीची घेऊ नका: वार, महिने आणि भाषांची नावं फ्रेंचमध्ये लहान अक्षराने सुरू होतात. दशांशाला टिंब नसून स्वल्पविराम असतो.

लेखन: एक उत्तर जवळून पाहू

ए१ चा नेहमीचा प्रश्न घ्या. मैत्रीण मारीने शनिवारी वाढदिवसाला बोलावलं आहे. तिला ईमेल लिहा: आभार माना, येता येणार नाही ते कारणासह सांगा, दुसरा दिवस सुचवा. किमान ४० शब्द.

परीक्षकाच्या तक्त्यात या प्रश्नासाठी आधीच तीन खुणांच्या जागा आहेत: आभार, नकार-कारण, नवा दिवस. चौथी जागा पत्राच्या रूपाची, म्हणजे सुरुवातीचं संबोधन, निरोप आणि सही. मग शब्दसंग्रह, व्याकरण, वाक्यांची जोडणी. आता उत्तर असं उभं करा.

‘साल्यु मारी, मेर्सी पूर तों-नँव्हितास्यों.’ एक खूण झाली. इथेच एक बारीक गोष्ट आहे: आमंत्रण हा शब्द स्त्रीलिंगी, तरी ‘ता’ न येता ‘तों’ येतं, कारण पुढे स्वर आहे. हे बरोबर लिहिणाऱ्याकडे परीक्षक चांगल्या नजरेने पाहतो.

‘झ न प पा व्हनीर सामदी पार्स क मा मेर ए मालाद.’ शनिवारी येऊ शकत नाही, कारण आई आजारी आहे. दुसरी खूण. ‘झ प’च्या शेवटी एक्स असतो आणि ‘इल प’च्या शेवटी टी, आवाज एकच. इथे टी लिहिणं ही ए१ च्या पेपरातली नेहमीची चूक. आणि ‘पार्स क’ने दोन वाक्यं जोडल्यामुळे जोडणीचेही गुण पदरात पडले.

‘ऑं प स व्ह्वार दिमांश?’ रविवारी भेटायचं का? तिसरी खूण.

शब्द मोजा: तेवीस झाले. काम पूर्ण, पण सतरा शब्द कमी. बहुतेक जण इथे थांबतात आणि शब्दमर्यादा पाळली नाही म्हणून गुण गमावतात. वाढवायचं कसं? नवा विषय काढू नका. सुचवलेल्या दिवसाचाच तपशील द्या. ‘ऑं व्हा ओ सिनेमा, प्वी ऑं मांझ युन ग्लास.’ सिनेमाला जाऊ, मग आइस्क्रीम खाऊ. नऊ शब्द. मग निरोप: ‘बोनानिव्हेर्सेर ए ग्रो बिझू आ ता फामी.’ वाढदिवसाच्या शुभेच्छा, घरच्यांना खूप प्रेम. आठ शब्द. बरोबर चाळीस, सहीचा एक वेगळा.

शब्द मोजायचा नियम असा की दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे आहे तो एक शब्द. लोपचिन्हाने जोडलेले दोन तुकडे एकच, जोडरेघेने बांधलेली ‘से-ता-दीर’सारखी साखळीही एकच.

पुढच्या पातळ्यांवर आकडे वाढत जातात. देल्फ या फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत ए२ ला साठ-साठ शब्दांची दोन उत्तरं, बी१ ला १६०, बी२ ला २५०. विद्यापीठांचे पेपर साधारण याच मापाच्या आसपास असतात. बी१ पासून मात्र तक्त्यात युक्तिवादाची ओळ येते: मत, कारण, उदाहरण. तीन मतं उदाहरणांशिवाय लिहिण्यापेक्षा दोन मतं आणि प्रत्येकाला एक ठोस उदाहरण हे जास्त गुण देतं.

‘त्यू’ (तू) आणि ‘व्हू’ (आपण) यांची सरमिसळ कोणत्याही पातळीवर महाग पडते. आपल्याकडेही कोणी पत्राची सुरुवात ‘आपण’ने केली आणि तिसऱ्या ओळीत ‘तुझं’ म्हटलं तर खटकतं. तसंच ते फ्रेंच परीक्षकाला खटकतं. लिहून झाल्यावर फक्त तेवढ्यासाठी एकदा वाचा: क्रियापदं, ‘तों, ता, ते’ आणि ‘व्होत्र, व्हो’ सगळे एकाच बाजूचे आहेत ना. अनोळखी अधिकाऱ्याला लिहिताना इंग्रजीच्या सवयीने ‘शेर मस्यो’ (प्रिय महाशय) घालू नका. ‘शेर’ ओळखीच्या माणसासाठी. नुसतं ‘मादाम, मस्यो’ पुरे, आणि ईमेलच्या शेवटी ‘कोर्दियालमां’.

पाठ केलेलं पत्र उतरवण्याचा मोह टाळा. प्रश्नात मित्राला गावाची माहिती मागितली असताना सुट्टीचं पाठ पत्र लिहिलं तर पहिल्या तीन खुणा रिकाम्या राहतात, मग भाषा कितीही शुद्ध असो.

तोंडी परीक्षा

ए१ ची तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, तयारीला दहा मिनिटं. बहुतेक विद्यापीठं देल्फचाच नमुना थोडाफार बदलून वापरतात, म्हणून तोच पाहू. त्यात तीन भाग असतात. पहिल्यात परीक्षक तुमच्याबद्दल विचारतो: नाव, घर, कुटुंब, आवडी. दुसऱ्यात तुम्हाला काही शब्दांच्या चिठ्ठ्या मिळतात आणि प्रत्येक शब्दावरून तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचा. तिसऱ्यात खरेदीचा छोटा संवाद: वस्तू, संख्या, किंमत, पैसे देणं.

दुसऱ्या भागात घोटाळा होतो. चिठ्ठीवर ‘रविवार’ आहे. विद्यार्थी म्हणतो, ‘मी रविवारी क्रिकेट खेळतो.’ वाक्य शुद्ध असतं, पण काम प्रश्न विचारण्याचं होतं. ‘केस क व्हू फेत ल दिमांश?’ असं हवं. सहा प्रश्नार्थक शब्द, म्हणजे काय, कोण, कुठे, केव्हा, किती, का, यांच्यापासून प्रत्येकी पाच प्रश्न तयार करून मोठ्याने म्हणा. तीस प्रश्न जिभेवर असले की या भागात अडत नाही.

तिसऱ्या भागात ‘झ व्ह’ऐवजी ‘झ व्हूद्रे’ म्हणा. पहिलं म्हणजे ‘मला पाहिजे’, दुसरं म्हणजे ‘मला मिळेल का’. आल्यावर ‘बोंझूर’, मागताना ‘सिल व्हू प्ले’, निघताना ‘मेर्सी, ओ रव्ह्वार’. नम्रतेलाही गुण आहेत.

प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका आणि इंग्रजीत ‘सॉरी’ही म्हणू नका. ‘व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले?’ असं स्वच्छ विचारा. ए१ च्या व्याख्येतच समोरच्याने हळू बोलावं, पुन्हा सांगावं हे गृहीत आहे, त्यामुळे एक-दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही. शांतता मात्र तक्त्यावर रिकामी जागा सोडते.

उच्चारांत मराठी जिभेला एक मोठी सोय आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी ‘टू’, ‘डे’ करतात. सरळ मराठी ‘त’ आणि ‘द’ लावा, उच्चार एका झटक्यात सुधारतो. घशातल्या ‘र’साठी महिनेच्या महिने घालवू नका. आपला ‘र’ सगळ्यांना कळतो.

कष्ट घ्यायचे ते तीन जागी. अनुनासिक स्वर: ‘व्हँ’ म्हणजे वाइन, ‘व्हां’ म्हणजे वारा, ‘व्हों’ म्हणजे ते जातात, तिन्हींत नाकातला आवाज आहे, पण शेवटी ‘न’ किंवा ‘म’ उच्चारायचा नाही. दुसरा, ‘यु’ हा स्वर: ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल करून आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर करा, ओठ पसरले की आवाज चुकतो. तिसरं, शब्द जोडणं. ‘इल-झों’ म्हणजे त्यांच्याजवळ आहे आणि ‘इल सों’ म्हणजे ते आहेत. झ आणि स यांच्यात अख्खा अर्थ बदलतो, आणि परीक्षक इथे कान टवकारून असतो.

बी१ ला पोचलात की नियम बदलतात. पहिल्या दोन भागांना तयारीचा वेळच नसतो. दहा मिनिटं मिळतात ती फक्त तिसऱ्या भागासाठी, म्हणजे छोट्या मजकुरावर मत मांडण्यासाठी. त्या दहा मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका. कागदावर आठ-दहा शब्दच हवेत. वाक्यं लिहिली की ती वाचली जातात, आणि वाचून दाखवणं बोलण्यात धरत नाहीत.

अंतर्गत काम

वर्गचाचणी, गृहपाठ, सादरीकरण, पोस्टर असं काहीही असू शकतं. टंकलिखित काम देताना स्वरांवरच्या खुणा सोडू नका. त्यांच्याशिवाय शब्द चुकीचाच धरतात. मोबाइलवर अक्षर दाबून धरलं की पर्याय येतात. विंडोजवर उजवीकडच्या अंकपट्टीवर आल्ट धरून १३० दाबलं की चढत्या रेघेची ई, १३८ ला उतरत्या रेघेची, १३३ ला उतरत्या रेघेचा ए, १३५ ला शेपटीची सी.

भाषांतराचं ॲप वापरून केलेला गृहपाठ ओळखायला शिक्षकाला मिनिटही लागत नाही. दुसऱ्याच महिन्यात वहीत सबजोंक्तिफ, म्हणजे वरच्या पातळीवर शिकवतात ते क्रियापदाचं रूप, उगवला की ते तोंडी विचारतात, ‘हे रूप का वापरलंत?’ स्वतःचा कच्चा मसुदा जपून ठेवा. खाडाखोड असलेला कागद तुमच्या बाजूने बोलतो.

संस्कृतीच्या प्रश्नांत जुन्या गाइडवर विसंबू नका. कित्येक गाइडांत फ्रान्सचे २२ प्रांत छापलेले सापडतात. १ जानेवारी २०१६ पासून कॉर्सिका धरून युरोपातले प्रांत १३ आहेत, आणि समुद्रापलीकडचे ५ वेगळे.

विद्यापीठाचे गुण आणि देल्फ

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. विद्यापीठाचं प्रमाणपत्र देल्फची जागा आपोआप घेत नाही. देल्फ फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं प्रमाणपत्र आहे. पुण्यात आणि मुंबईत त्याची परीक्षा आलियांस फ्रांसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेमार्फत देता येते. त्यात ऐकणं, वाचन, लेखन आणि बोलणं या चौघांना प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला शंभरपैकी ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर एकूण सत्तर असले तरी नापास. बोलण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना ही अट आडवी येते. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असतं. २०२० पासून आलेल्या नव्या स्वरूपात ए२ ते बी२ च्या ऐकण्या-वाचण्यात फक्त पर्यायी प्रश्न आहेत, तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करताना साल पाहा.

फ्रान्सला शिकायला गेलात तर गुण वीसपैकी असतात. १० ला पास, १२ ला ‘आसे बियँ’, १४ ला ‘बियँ’, १६ ला ‘त्रे बियँ’. तिथे १३ गुण म्हणजे ६५ टक्के असं समजून खचू नका. अठराच्या वर क्वचितच कोणी जातं.

निकालानंतर

आपल्याकडच्या दहा अंकी श्रेणीत सर्वोच्च ‘ओ’ला १०, मग ए-प्लसला ९ असं उतरत पासला ४ आणि नापासला ०. सत्राची सरासरी श्रेयांकांनी गुणून काढतात, म्हणून दोन श्रेयांकांच्या फ्रेंचपेक्षा चारच्या विषयाचं वजन दुप्पट. फ्रेंच राहिलं तर एटीकेटीने पुढे जाता येतं का आणि अंतर्गतचे गुण तसेच धरतात की पुन्हा काम द्यावं लागतं, ते विभागात लेखी विचारून घ्या.

गुण अनपेक्षित कमी वाटले तर थेट पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. लेखनाच्या प्रश्नापाशी थांबा, प्रश्नातल्या सूचना एकेक करून उत्तरात शोधा आणि शब्द मोजा. सगळ्या सूचना सापडल्या, शब्दही पुरे आहेत आणि तरी गुण निम्म्याच्या खाली आहेत, तर अर्ज करा. अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, त्यामुळे छायाप्रतीचा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांतच टाका. तोंडी आणि अंतर्गत गुणांचं पुनर्मूल्यांकन सर्वसाधारणपणे होत नाही. त्यांची यादी सूचना फलकावर लागते तेव्हाच आपला आकडा तपासून घ्या आणि चूक दिसली तर त्याच दिवशी विभागप्रमुखांना अर्ज देऊन पोच घ्या.